तळ्याकाठच्या पंपावरचं पेट्रोल

४ मार्च

ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या कानांना वेगळा. परवा फोनवर पंधरा मिनिटं ओरडलो, शेजारचे दार उघडून बघून गेले, आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं बरं, येताना दूध घेऊन ये." तेव्हा ठरवलं, आता पत्रच लिहायचं.

काम असं आहे. गवत कापायची आमची तिन्ही यंत्रं यंदा मान टाकून बसलीत. दोरी ओढली की खोकतात, दहा मिनिटं चालतात आणि हॉस्पिटलच्या हिरवळीच्या ऐन मध्यावर बंद पडतात. काल वरच्या खिडकीतून एक आजोबा म्हणाले, "यालाही ॲडमिट करा." आमचा मौनी हसला. बावीस वर्षं तो माझ्या जोडीने काम करतोय, दिवसाला मोजून चार शब्द बोलतो, म्हणून तर हे नाव पडलं. तो हसला म्हणजे आमची किती शोभा झाली असेल बघ.

आता दुखणं सांगतो. आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मोटारींना चालतं, त्या रोज पितात आणि रोज जाळतात. आमची छोटी इंजिनं आठ-आठ दिवस शेडमध्ये पडून असतात. तेवढ्यात ते इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तळाला बसतं, रबरी नळ्या फुगवतं आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात चिकटा धरतो. म्हणून मी किती वर्षं झाली, महिन्यातून दोनदा दीड तास गाडी हाकत तळ्याकाठच्या पंपावर जातो. बोटवाल्यांसाठी तिथे बिनइथेनॉलचं ठेवतात. एवढं निवडून पाजतोय, तरी लक्षणं सगळी इथेनॉलची. नळ्या फुगल्यात, टाकीच्या तळाशी पांढुरकं पाणी.

तू शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलीस. पेट्रोलात इथेनॉल आहे की नाही, हे घरच्या घरी कळतं का? कळत असेल तर लिही.

आणि तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं? करायचं असेल तर आधी कळव, मी येऊन राहीन. तुझ्या भावजयीचा नमस्कार.

तुझा,
बाळ (साठीचा)


९ मार्च

बाळ,

दूध आणलं नाहीस ते नाहीस, वर माझी फिरकी घेतोस. ऑपरेशनचं काय ठरलं म्हणे. नवा गुडघा तुझ्यापेक्षा भरभर जिना चढतो. नोव्हेंबरात तू इथे अकरा दिवस राहिलास आणि तीनदा दूध उतू घालवलंस, ते मी विसरलेले नाही. शेगडी अजून घासतेय.

आता प्रयोग. उंच, अरुंद, सरळ काचेची बाटली घे. बाहेरून कागदाची पट्टी चिकटव आणि दहा सारखे भाग आख. खालचा एक भाग पाणी भर, रेघ कर. वर नऊ भाग पेट्रोल ओत. बूच लावून हलव, मधूनमधून बूच सैल करून हवा सोड, मग स्वस्थ ठेव. पाणी खाली, पेट्रोल वर. पाणी होतं त्याच रेघेवर राहिलं तर पेट्रोल शुद्ध. पाणी वाढलेलं दिसलं तर ते पाणी नव्हे, पेट्रोलातून फुटून पाण्याला मिळालेलं इथेनॉल. त्याचं पेट्रोलाशी नातं असतं, पण पाण्यावर जीव असतो. दहावीच्या पोरांना मी असंच सांगायचे.

उघड्यावर कर. बिडी ओढणाऱ्याला लांब पिटाळ. आणि झाल्यावर ते पाणी झाडाला घालू नकोस, तू काहीही करशील.

ताई


१४ मार्च

ताई,

मी हादरलोय.

आज सकाळी शेडच्या बाहेर ओट्यावर दोन बाटल्या मांडल्या. एकीत कोपऱ्यावरच्या पंपाचं, मुद्दाम आणलेलं. दुसरीत माझ्या लाल कॅनमधलं, तळ्याकाठचं. दोन्ही हलवल्या आणि ठेवल्या. कोपऱ्यावरच्याची रेघ चढली, ती चढणारच होती. मग दुसरीकडे पाहिलं. तीही तेवढीच चढली, ताई. नखभरही फरक नाही. मला वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मौनी मागे उभा होता. मी म्हटलं, "बघितलंस?" तो कापड घेऊन आत गेला.

इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर दीड-दीड तास गाडी चालवली, त्या पंपवाल्याने मला फसवावं? मी त्याच्या बाकावर बसून चहा प्यायलोय. उद्याच जातो. दोन्ही बाटल्या घेऊन जातो आणि त्याच्या काउंटरवर ठेवतो.

बाळ


१६ मार्च

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण ही गोष्ट पोटात ठेवली तर मी फुटेन.

गेलो पंपावर. बाटली पुढे ठेवली. पंपवाला न चिडता म्हणाला, "चला, माझ्या नळीतलं माझ्यासमोर भरा." भरलं. हलवलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर हात ठेवून बाटलीकडे बघत बसलो. रेघ जागची हलली नाही. त्याचं पेट्रोल शंभर नंबरी आहे, ताई. मला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

वर तो काहीतरी भलतंच बरळला. म्हणे, "तुम्ही माझ्याकडून थेंबभरही नेलं नाहीत हो, पाच महिने झाले. येता, बाकावर बसता, इंजिनांच्या गप्पा मारता आणि रिकामा कॅन घेऊन जाता. एकदा विचारलं तर म्हणालात, भरून झालाय." वय झालंय बिचाऱ्याचं. दिवसभर वाफेत उभा राहतो, डोक्यावर परिणाम व्हायचाच.

मग येताना रस्ताभर हिशेब जुळवला. तिथून निघतं ते शुद्ध. माझ्या शेडमध्ये आहे ते भेसळीचं. म्हणजे बदल शेडमध्ये होतो. शेडची किल्ली माझ्याकडे आणि मौनीकडे. आणखी ऐक. मी जेवायला आत आलो की हा दर शनिवारी एकटाच कार्बोरेटर खोलून बसतो. दोनदा पकडलाय मी. विचारलं तर म्हणतो, "साफ करतो." स्वतः चांगलं पेट्रोल काढून विकायचं, कोपऱ्यावरचं ओतायचं, आणि इंजिन अगदीच मरू नये म्हणून मागल्या दाराने साफसफाई. बावीस वर्षं मी अस्तनीत निखारा बाळगला.

काल संध्याकाळी सगळं त्याच्या तोंडावर फेकलं. चोर म्हटलं. एक शब्द बोलला नाही. आमच्या हिच्याकडे बघितलं, ही दारात उभी होती, मग माझ्याकडे बघितलं, किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेला. खरा असता तर बोलला असता ना?

मला रडू आलं, हे तुला म्हणून सांगतो. ही तर तेव्हापासून जेवलीच नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन लांबवू नकोस. मी येऊन राहीन.

बाळ


२१ मार्च

बाळ,

तुझं सोळा तारखेचं पत्र मी चार वेळा वाचलं. तीन वेळा मौनीसाठी आणि चौथ्यांदा शेवटच्या दोन ओळींसाठी.

आत्ता एवढंच ऐक. मौनीबद्दल बाहेर कुणाकडे एक अक्षर बोलू नकोस. हॉस्पिटलच्या माणसांना सांग, तो गावाला गेलाय. ज्याने चोरी केली तो आपल्या चोरीवर दर शनिवारी घाम गाळत बसत नाही. आणि किल्ल्या तू दोनच मोजल्यास. स्वयंपाकघराच्या खिळ्यावर तिसरी आहे, मी स्वतः पाहिलीय.

आठवडाभर गाडी घेऊन लांब जाऊ नकोस. का, ते विचारू नकोस. थोरल्या बहिणीचं ऐकायची सवय तुला नाही, पण एकदा ऐकून बघ.

ताई


२१ मार्च

भावजयबाई,

हे पत्र दुपारच्या टपालाने येईल, तेव्हा तो कामावर असेल. त्याला दाखवू नकोस.

तुझ्या नवऱ्याने मला एका महिन्यात दोनदा विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन कधी. पहिल्यांदा मी चेष्टा समजले आणि चेष्टेनेच उत्तर दिलं. ते उत्तर वाचून, बाटलीचा प्रयोग त्यातूनच शिकून, त्याने पुन्हा तेच विचारलं. अकरा दिवस माझ्या उशाशी बसलेला माणूस.

मला दोनच गोष्टी सांग. पंपवाला म्हणतो ते खरं का? आणि तो रिकामा कॅन आणत असेल, तर शेडमध्ये पेट्रोल येतं कुठून?

रागावणार नाही. फक्त खरं लिही.

ताई


२६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र हातात घेऊन मी मोरीत जाऊन बसले. कुणीतरी विचारावं म्हणून पाच महिने थांबले होते, आणि विचारलंत तेव्हा पळून जावंसं वाटलं.

पंपवाले खरं बोलतात. ऑक्टोबरात हे तळ्यावरून आले, कॅन शेडमध्ये ठेवला आणि म्हणाले, भरून आणला. मी झाडायला गेले, कॅन उचलला तर पिसासारखा हलका. मी आपली सहज म्हणाले, अहो, हा तर रिकामा आहे. वन्सं, त्यांचा चेहरा असा झाला की मला ते शब्द परत गिळता आले असते तर गिळले असते. पायरीवर बसले. विचारत राहिले, मग मी दिवसभर होतो कुठे? त्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

सकाळी उठले तर सगळं विसरलेले. मी म्हटलं, देवा, सुटले. पुढच्या खेपेला पुन्हा कॅन रिकामा आला. मला तो चेहरा पुन्हा बघवणार नव्हता. ते झोपलेले असताना दुपारी सायकलच्या कॅरियरला कॅन बांधला आणि कोपऱ्यावरून भरून आणला. तेव्हापासून दर खेपेला. मला काय ठाऊक पेट्रोलात जाती असतात. वास तोच, रंग तोच. मी म्हणायचे, इंजिनं जुनी झालीत.

तुम्ही बाटलीचं लिहिलंत आणि त्या सकाळी मी खिडकीतून बघत होते. ती रेघ वर चढली तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव येणार. आलं मौनी भाऊजींचं.

आता सगळ्यात वाईट सांगते. मौनी भाऊजींना माहीत होतं. डिसेंबरात त्यांनी मला कोपऱ्यावर कॅनसकट पाहिलं. मी भर रस्त्यात हात जोडले, म्हटलं, यांना कळू देऊ नका, हे खचतील. त्यांनी कॅन सायकलला नीट बांधून दिला आणि गेले. पुढच्या शनिवारपासून कार्बोरेटर साफ करायला लागले. माझं पाप ते आठवड्याला निस्तरत होते. आणि यांनी चोर म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोलते का म्हणून. मी बोलले नाही, वन्सं. मी नुसती चौकट धरून उभी राहिले. ते किल्ली ठेवून गेले.

नवऱ्याला वाचवायला गेले आणि एका देवमाणसाचा बळी दिला. तुम्ही रागवा. कुणीतरी रागवायला हवं.

तुमची भावजय


३१ मार्च

बाळ,

हे पत्र बसून वाच. बायकोला शेजारी बसव. ती रडेल, रडू दे.

मौनी चोर नाही. तळ्याकाठच्या पंपवाल्याला म्हातारचळ लागलेला नाही. ऑक्टोबरापासून तू तिथे जातोस आणि पेट्रोल न घेता परत येतोस, कारण घ्यायचं तुझ्या लक्षात राहत नाही. घरी येऊन भरलं म्हणून सांगतोस, आणि तू खोटं बोलत नाहीस, तुला तसंच वाटतं. एकदा ते तुला कळलं तेव्हा तू इतका घाबरलास की तुझ्या बायकोने पुन्हा कळू दिलं नाही. ती कोपऱ्यावरून भरून आणत राहिली. तिला पेट्रोलांतला फरक माहीत नव्हता. मौनीला होता, म्हणून तो गुपचूप इंजिनं धूत राहिला. तू त्याला चोर म्हटलंस तरी त्याने तिचं गुपित फोडलं नाही.

माझं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. तू अकरा दिवस इथे होतास. पायाला पट्टी तूच बांधायचास, नर्सपेक्षा चांगली.

मला कळतंय, हे वाचून तुझ्या पायाखालची जमीन सरकेल. माझीही सरकली. दोन रात्री विचार केला, सांगावं की नाही. सगळ्यांनी तुला जपलं, आणि त्या जपण्यात मौनी भरडला गेला. मी तुला लहानपणी कधी खोटं सांगितलं नाही, इंजेक्शन दुखणार असेल तर दुखेल म्हणायचे. हेही दुखेल.

तीन गोष्टी कर. गाडीची किल्ली बायकोला दे. तिच्याबरोबर त्याच हॉस्पिटलमध्ये जा, जिथलं गवत कापतोस, आणि डॉक्टरांना काहीही न लपवता सांग. आणि तिसरी तू मी सांगायच्या आधीच केली असशील, मौनीच्या घरी जा. हे पत्र जवळ ठेव. मनात शंका आली की काढून वाच.

तुझ्यावर राग कुणाचाच नाही. मी पंधरा दिवसांत येते, नव्या गुडघ्यावर.

ताई


९ एप्रिल

ताई,

गाडीची किल्ली दिली. डॉक्टरांकडे गेलो, ही बरोबर होती. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारले. दोन सांगितले. तिसरा मी अजून शोधतोय, ही सांगत नाही. पुढल्या आठवड्यात आणखी तपासण्या आहेत. अजून नाव काही दिलेलं नाही, पण त्यांनी मला सोडून हिला खुर्ची पुढे घ्यायला सांगितली, त्यावरून मी काय ते समजलो.

मी घाबरलोय. तुझ्यापाशी कशाला लपवू? हिच्यावर आधी चिडलो, मग तिच्या सायकलच्या कॅरियरवरची दोरी पाहिली आणि चिडता येईना.

पण पत्र लिहितोय ते आजचं सांगायला. सकाळी तुझं पत्र खिशात सापडलं. वाचलं आणि धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बावीस वर्षांचा जोडीदार, आणि त्याला मी चोर म्हटलं. चहा तसाच टाकून निघालो. चालत गेलो, वीस मिनिटांचा रस्ता आहे. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो, शाळेत कविता घोकायचो तसं.

तो अंगणात पातं घासत बसला होता. मी फाटकातूनच हात जोडले. म्हटलं, "मौनी, माझं चुकलं. तुझ्यासारख्या माणसाला मी चोर म्हटलं. पायावर डोकं ठेवायला आलोय, ठेवू दे."

त्याने कानस बाजूला ठेवली, हात पुसले, आतून खुर्ची आणली. म्हणाला, "बसा, दादा."

मी म्हटलं, "बसणार नाही. आधी मला माफ केलं म्हण."

तो मग बोलला, आणि ताई, इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून एका वेळी कधी ऐकली नव्हती. म्हणाला, "दादा, तुम्ही शनिवारी आला होतात. परवाही आला होतात. असेच हात जोडलेत. मी शनिवारीच माफ केलं. रविवारपासून कामावर येतोय की मी. काल हॉस्पिटलचं अर्धं गवत आपण दोघांनी कापलं."

मला खरं वाटेना. खिशातून तुझं पत्र काढलं. घड्यांवर कागद झिजून फाटायला आलाय. एकदा वाचलेला कागद असा होत नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचतो, ताई, दर वेळी मला पहिल्यांदाच कळतं, आणि दर वेळी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

मी फाटकाला धरून उभा होतो. म्हटलं, "आणि उद्या पुन्हा आलो तर?"

तो म्हणाला, "या. खुर्ची बाहेरच ठेवतो."

बाळ